मुलगी 'नर्स' होते कधी? शिकवणाऱ्यांशी आणि शिकलेल्यांशी थोडं बोलायचंय

रातांबा

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि बी.एस्सी., दोन्ही वर्ग. परवा आमच्या शिक्षकांच्या मीटिंगचा विषय होता, विद्यार्थ्यांमध्ये व्यावसायिक ओळख कशी रुजवायची. नव्या सेमिस्टर पद्धतीच्या अभ्यासक्रमात व्यावसायिकता, मूल्यं आणि नीतिशास्त्र हा वेगळा विषयच आला आहे, तेव्हा आपण काय करतो ते कागदावर दाखवणं भाग आहे. चर्चा चांगली रंगली. अंबाडा जाळीतच हवा. नखं. बुटांना पॉलिश. मोबाईल हॉस्टेलवर. डॉक्टर राउंडला आले की हातातलं काम ठेवून उभं राहायचं. तेवढ्यात चहा आला आणि मीटिंग आटोपली.

यातलं एकही कलम रद्द करा असं माझं म्हणणं नाही. पण चार वर्षं आम्ही मुलीला हेच सांगत राहिलो, तर तिला वाटणार की नर्स म्हणजे नीटनेटकी, वेळेवर येणारी, उलट न बोलणारी मुलगी. अशी मुलगी बँकेतही चालते.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ पासून नर्सिंगच्या शिक्षकांचा एक गट नेमकं याच विषयावर काम करतोय. त्यांनी व्यावसायिक ओळखीची चार अंगं धरली आहेत: मूल्यं आणि नीती, ज्ञान, नेतृत्व, आणि व्यवसायाला साजेसं वागणं-बोलणं. आमची मीटिंग या चौथ्याच्याही अर्ध्यात अडकली होती.

आता एक प्रसंग. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे बदललेत. गवतकापणीचे दिवस, सड्यावर काम करणाऱ्या माणसाला फुरसं चावलं म्हणून आणलेलं. माझी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी कॅज्युअल्टीत पोस्टिंगला. पायाला सूज होती, पण रक्तस्राव दिसत नव्हता. अशा वेळी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात. यंत्र लागत नाही, लॅब लागत नाही. नवी, कोरडी, काचेची टेस्ट ट्यूब घ्यायची, त्यात दोन मिली रक्त, आणि ती वीस मिनिटं हलवायची नाही. बस. साबणाने धुतलेली नळी चालत नाही, कारण साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही. प्लास्टिकची तर नाहीच. हे सगळं आम्ही वर्गात सांगतो, मुली लिहूनही घेतात.

हिने खोक्यातून नवी नळी काढली, रक्त घेतलं, स्टँडला लावलं आणि घड्याळ बघून वेळ फाइलवर टाकली. मग खरी परीक्षा सुरू झाली. नातेवाईक दर दोन मिनिटांनी येऊन "झालं का?" विचारणार. मावशी ट्रे उचलायला आल्या. एका इंटर्नने "बघू" म्हणत नळीकडे हात नेला. हिने स्टँडवर तळहात आडवा धरला आणि म्हणाली, "सर, अजून अकरा मिनिटं आहेत. आता हलवली तर परत पहिल्यापासून." इंटर्न थांबला. वीस मिनिटं झाल्यावर तिने नळी एकदाच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. ती मेडिकल ऑफिसरकडे गेली: "सर, वीस मिनिटांनी रक्त गोठलेलं नाही. हिरड्यांतून थोडं यायला लागलंय, आत्ता पाहिलं. एएसव्हीच्या दहा व्हायल काढून ठेवते, ॲड्रेनालिन भरून ठेवलंय." (एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध.) त्यांनी ऑर्डर लिहिली. पुढचा पाऊण तास ती खाटेजवळून हलली नाही, कारण एएसव्हीची तीव्र रिॲक्शन आली तर बहुधा सुरुवातीलाच येते.

माझ्या मते ती मुलगी त्या दुपारी नर्स झाली. अंबाडा सुटून पाठीवर आला होता, हेही नोंदवून ठेवते. आणि तिच्या क्लिनिकल मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये या सगळ्याला एकही रकाना नाही. 'गणवेश व नीटनेटकेपणा' याला आहे.

तर प्रश्न असे. तुम्हाला आपण नर्स आहोत हे कधी जाणवलं? त्यात तुमच्या ट्यूटरचा हात किती होता? आणि शिकवणाऱ्यांनो, आपण नेमकं काय बघतो, काय मोजतो?

सुरंगीचा_वळेसर

पहिला नंबर माझा. सविस्तर लिहिते, आता नाइटला निघालेय.

जुनी_अधिसेविका

रातांबा, कळकळ पोचली. पण अंबाड्याची चेष्टा सोडा.

मी ज्या काळात ट्रेनिंग घेतलं तेव्हा गुहागर-दापोलीकडच्या गावांतून आलेली मुलगी परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, ही कल्पनाच घरच्यांना सोसत नसे. पांढरे कपडे, टोपी, कडक शिस्त यामुळे ती वॉर्डात आणि गावातही सुरक्षित राहिली. तिला कोणी 'अशी-तशी' म्हटलं नाही. याची पाळंमुळं आणखी मागे जातात. पुण्यात रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं आणि विधवांना, गरजू बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं, तेव्हा समाजाने काय काय ऐकवलं ते जरा वाचा. त्या बायकांना आपलं वागणं धुतल्या तांदळासारखं ठेवावंच लागलं. आज तुम्हाला ते नाटक वाटतं, कारण त्यांनी ते तुमच्यासाठी आधीच करून ठेवलंय.

नखं आणि केस हा तर जंतुसंसर्गाचा प्रश्न आहे, तिथे वादच नको.

दुसरं. ओळख शिस्तीतून येत नाही म्हणता, मग मुंबईच्या केईएमचं सांगते. अरुणा शानबाग, तिथलीच नर्स, हल्ल्यानंतर खाटेला खिळलेली, १९७३ पासून २०१५ पर्यंत त्या वॉर्डात होती. नर्सेसच्या किती पिढ्या आल्या-गेल्या, बहुतेकींनी तिला धडधाकट कधी पाहिलंही नव्हतं. तिला भरवणं, कूस बदलणं, पाठ बघणं चालू राहिलं. तिच्या दयामरणाच्या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, बाहेरच्या अर्जदाराचा नव्हे. हे कोणत्या ट्यूटरने कोणत्या रकान्यात शिकवलं होतं? पाळी संपताना ओव्हर देताना एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. रोजच्या शिस्तीतच ते आलं.

तुमची विद्यार्थिनी चांगली आहे. तिला माझा आशीर्वाद सांगा, आणि पिना जास्त लावायला सांगा.

हर्णै_बंदर

पिना 😄

मी नर्सिंगमधला नाही. आईच्या हिप फ्रॅक्चरच्या वेळी महिनाभर हॉस्पिटलात काढला, तेवढाच संबंध. एक निरीक्षण: शिकाऊ मुली बारा जणी एकाच खाटेभोवती उभ्या, मॅडम पुस्तकातून वाचून दाखवतायत, आणि आईचं सलाईन संपलेलं. ते शेवटी मीच जाऊन सांगितलं.

सुरंगीचा_वळेसर

आले. बी.एस्सी. होऊन दोनेक वर्षं झाली, खाजगी हॉस्पिटलात आहे, नाव-गाव नको.

रातांबा मॅडम, खरं सांगू? कॉलेजात आम्हाला ओळख होती. केअर प्लॅन लिहायचो. असेसमेंट, डायग्नोसिस, गोल, इंटरव्हेन्शन, रॅशनल, इव्हॅल्युएशन, असे रकाने पाडून रात्र-रात्र जागायचो. एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट हे प्रमाण. सीआय (क्लिनिकल इन्स्ट्रक्टर) मॅडम म्हणायच्या, 'वॉर्डात काय चालतं ते बघू नका, पुस्तकात आहे तसंच करा.' केलं. पहिली नोकरी लागली, रात्रपाळीत पूर्ण मजला आणि आम्ही दोघी. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप तोंडपाठ होतं: जनरल वॉर्डात टीचिंग हॉस्पिटलला तिघांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक, आयसीयूत एकास एक. परीक्षेत त्याला गुण मिळाले होते.

मी पहिल्या आठवड्यात नर्सिंग नोट्स शिकवल्यासारख्या लिहिल्या. सीनियर मायेनेच म्हणाली, 'अगं, हे कोण वाचतं? बीपी, शुगर, इंजेक्शन दिलं, सही. पुढे चल.' मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्येच याला रिॲलिटी शॉक असं नाव देऊन ठेवलंय, हेही आम्हाला परीक्षेला होतं! म्हणजे धक्का बसणार हे शिकवलं. बसल्यावर काय करायचं ते शिकवलं नाही.

माझा राग ट्यूटरवर नाही. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी स्वतः वॉर्डात ड्युटी करून किती काळ लोटला होता? पास झाल्या, थोडा अनुभव, एम.एस्सी., की थेट वर्ग. 'वॉर्डात चालतं ते बघू नका' म्हणणारीला वॉर्डात काय चालतं हे तरी ठाऊक असायला हवं.

जुनी_अधिसेविका, तुमच्या काळी मेट्रन वॉर्डातून फिरायच्या आणि शिकवायच्याही. ती सोय आम्हाला मिळाली नाही. शिस्त मिळाली, बरोबर उभं राहणारं माणूस मिळालं नाही.

डॉ_कातळशिल्प

धागा वाचतोय. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस आहे. राउंडला मी आधी नर्सने भरलेला टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट बघतो, मग पेशंट. तेव्हा 'कोण वाचतं' म्हणणाऱ्या सीनियरला माझा नमस्कार सांगा.

पण रातांबा यांच्या प्रसंगात थोडी साखर जास्त पडलीय. एएसव्ही देण्याचा निर्णय आणि त्याची कायदेशीर जबाबदारी डॉक्टरची. 'दहा व्हायल काढून ठेवते' हे छान, पण उद्या एखादी अर्धवट शिकलेली मुलगी ओळख सापडल्याच्या भरात औषधही सुरू करेल. मग?

अवांतर: विंचूदंशावर महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी जे काम केलं, प्राझोसिन या औषधाचा वापर पुढे आणला, त्याचं मूळ रात्र-रात्र खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपाय गार पडणं बघण्यात होतं. बघण्याचं हे काम डॉक्टर करतो तेव्हा त्याला संशोधन म्हणतात, पुढे पद्मश्रीही मिळते, आणि ती योग्यच आहे. नर्स करते तेव्हा 'ऑब्झर्वेशन नॉर्मल' एवढं लिहून पान उलटतं. या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे.

रातांबा

डॉक्टर, ऑर्डर तुमचीच. ती मुलगीही ऑर्डर लिहून होईपर्यंत थांबली होती. पण रक्त गोठलं नाही हे तिने पाहिलं, हिरड्या तिने बघितल्या (त्या बघायला तिला कोणी सांगितलं नव्हतं), आणि ते योग्य माणसाला योग्य वेळी, न घाबरता सांगितलं. या तीन गोष्टींची जबाबदारी तिची. चुकल्या असत्या तर बोलणी तिनेच खाल्ली असती. मग जमल्यावर त्या तिच्या खात्यावर का नकोत? अर्धवट शिकलेली मुलगी भलतं करेल ही भीती खरी आहे. म्हणूनच आपली हद्द कुठे संपते हे ओळखीचाच भाग म्हणून शिकवावं लागतं. ज्या मुलीला आपलं काम कोणतं ते नीट माहीत असतं ती दुसऱ्याच्या कामात कमी घुसते, असा माझा अनुभव.

अधिसेविका बाई, सेवासदनाबद्दल लिहिलंत ते पूर्ण मान्य. एक भर घालते. लॅम्प लायटिंगला, म्हणजे नव्या मुलींच्या दीप प्रज्वलनाच्या समारंभाला, आपण मुलींकडून नाइटिंगेलची शपथ म्हणवून घेतो. ती नाइटिंगेलने लिहिलेलीच नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या समितीने ती तयार केली, आणि मूळ मसुद्यात डॉक्टरांना त्यांच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन असं वाक्य आहे. खुद्द नाइटिंगेल बाई मात्र सैन्यातल्या मृत्यूंचे आकडे गोळा करून, त्यांच्या आकृत्या काढून सरकारच्या तोंडावर मारत होत्या. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीत निवडून गेलेली पहिली बाई ती. आमच्या सभागृहात तिचा दिवा घेतलेला फोटो आहे. तक्ता घेतलेला कोणी लावत नाही. १२ मेला, तिच्या जन्मदिवशी, मी या वर्षी मुलींना वॉर्डातल्या पडण्याच्या घटनांचा तक्ता करायला लावणार आहे. बघू काय होतं.

वळेसर, तुझा मुद्दा लागला. आमच्यात अशा आहेत. त्यावर नंतर लिहिते.

बंड्याचो_बापूस

माझ्या चेडवाक यंदा बी.एस्सी. नर्सिंगाक घातलंय. तुमची चर्चा वाचतंय, बरी आसा. पण ओळख-बिळख मागसून. नोकरी खयची गावतली, तां कोण सांगात काय? सरकारी भरती कंत्राटी करतत म्हणान नर्सांनी संप केल्यानी, पेपरात वाचलंय. आणि लग्नाचा बघूक गेल्यार एक म्हणता, 'नर्स नको, रात्रपाळी आसता.' दुसरो म्हणता, 'नर्स बरी, जर्मनीक जायत आणि झिलाकय न्हेयत.' चेडू अजून फर्स्ट इयरात आसा!

ब्रदर_कुडाळ

बापूस, चेडवाक शिकू देवा हो आधी 😀

मूळ विषय. पुरुष नर्स म्हणून माझी बाजू. प्रसूती विभागाच्या पोस्टिंगला आम्हा मुलांना बऱ्याचदा 'तुम्ही बाहेर बसा, लॉगबुक भरून घ्या' असं व्हायचं. पेशंटची लाज-संकोच समजतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण परवानगी विचारायची कशी, पडदा कसा लावायचा, बाईबरोबर तिची माणसं कशी ठेवायची, हे शिकवून आत न्यायचा प्रयत्न एकाही ट्यूटरने केला नाही. दारात बसून कसली ओळख तयार होणार. आपण इथे उपरे आहोत, एवढंच कळलं.

उलट रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पोस्टिंग होतं (राज्यात अशी चारच आहेत) ते आयुष्यभर पुरलं. तिथे प्रोसेस रेकॉर्डिंग नावाचा प्रकार असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेशंटशी बोलायचं, आणि नंतर तो काय बोलला, आपण काय बोललो, त्या क्षणी आपल्याला काय वाटलं, हे शब्दशः लिहून काढायचं. माझा पेशंट एक मध्यमवयीन खलाशी. बोलायचाच नाही. मी प्रश्नामागून प्रश्न. जेवलात का? झोप लागली का? घरून कोणी आलं का? पान भरलं. मॅडमनी लाल पेनाने एकाच ठिकाणी खूण केली. तिथे पेशंट म्हणाला होता, 'वारा फिरलाय,' आणि मी पुढे विचारलं होतं, 'गोळ्या घेतल्या का?' समासात मॅडमचं वाक्य: 'तो काहीतरी सांगत होता. तू का पळालास?'

दुसऱ्या दिवशी मी जाऊन नुसता शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने मीच म्हटलं, कालचा वारा आज पडलाय. मग तो तांडेलाबद्दल, बोटीबद्दल, पैशांबद्दल बोलला. पेपलॉ या अमेरिकी नर्सिंग-तज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये परिचर्येचा पाया म्हणजे नर्स आणि रुग्णामधलं नातं असं मांडलं, हे मी आधी पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी.

मुद्दा असा की त्या मॅडमनी माझा शर्ट बघितला नाही, माझं वाक्य बघितलं. शिकवणारा आपल्याकडे काय म्हणून बघतो, त्यावर आपण काय होतो ते बरंचसं ठरतं. या धाग्यावर अजून एकाही शिक्षकाने 'आम्ही विद्यार्थ्यांचं काय वाचतो' हे लिहिलेलं नाही.

डॉ_कातळशिल्प

'तू का पळालास?' हे आमच्या कॉलेजातही कोणीतरी लिहायला हवं होतं.

मायन_काठची_देवगडकरीण

फ्रांकफुर्टहून. बंड्याच्या बाबांसाठी आधी: जर्मनी म्हणजे विमानात बसलं की नर्स असं नाही. बी-टू पातळीपर्यंत भाषा हवी, पदवीची मान्यता हवी, ती येईपर्यंत सहायक म्हणून काम करावं लागतं. बी.एस्सी., चांगला आयसीयूचा अनुभव, आणि इथे येऊन पहिले महिने मी लोकांना आंघोळ घालत होते, भरवत होते. रडले. कारण आपल्याकडे हे नातेवाईक करतात किंवा मावशी करतात. मला कॉलेजात बेड बाथ शिकवला होता, दोनदा करून घेतला, सही झाली, संपलं. ते 'खालचं' काम आहे असं कोणी तोंडाने म्हटलं नाही, पण कळायचं ते कळलं होतं. इथे वीस वर्षांच्या अनुभवाची सीनियर नर्स आंघोळ घालताना त्वचा बघते, श्वास बघते, काल हात उचलत होता तो आज उचलतोय का बघते. अधिसेविका बाईंनी केईएमचं लिहिलंय ते हेच, असं मला वाटतं.

आता शिक्षणाबद्दल, कारण इथे दोन गोष्टी कायद्यातच आहेत. २०२० पासून लागू झालेल्या इथल्या नर्सिंग कायद्याने काही कामं फक्त नर्ससाठी राखीव ठेवली: रुग्णाला कोणत्या परिचर्येची गरज आहे ते ठरवणं, तिची आखणी, तिच्या दर्जाची तपासणी. हे डॉक्टरनेही नर्सच्या वतीने करायचं नाही. डॉक्टरसाहेब, तुमच्या 'जबाबदारी कोणाची' या प्रश्नाचं एक उत्तर असं दिलं गेलंय.

दुसरी, वळेसरसाठी. इथे प्रत्यक्ष शिकवणारी व्यक्ती वॉर्डातलीच नर्स असते, तीनशे तासांचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली. आणि विद्यार्थ्याच्या वॉर्डातल्या एकूण वेळापैकी किमान दहा टक्के वेळ तिने त्याच्याबरोबर ठरवून काम करायचं असतं. माणसं कमी असली की तेही बोंबलतं, स्वर्ग नाहीये इथे. पण बोंबललं की विद्यार्थी तक्रार करू शकतो, कारण आकडा लिहिलेला आहे.

सुरंगीचा_वळेसर

दहा टक्के! लिहून ठेवते कुठेतरी.

उपकेंद्र_दोडामार्ग

सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. थोडक्यात लिहितो, नेट जातंय.

तुमची सगळी चर्चा हॉस्पिटलातली. उपकेंद्रात निर्णय घ्यायला बी.एस्सी. नर्सिंग झालेला माझ्यासारखा सीएचओ एकटाच असतो. डॉक्टर फोनवर, तोही रेंज असली तर. आमच्याकडे २०१६ पासून माकडताप आहे, काजूच्या हंगामात जोर. भातलावणीला लेप्टो. ताप घेऊन आलेल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो 'बागेत गेला होता का, माकड मेलेलं दिसलं का' हा, आणि तो कोणत्याही रकान्यात नसतो. काजू वेचायला जाणारी बाई ताप लपवते, कारण बागायतदार दुसरी बघेल. तिला बांबोळीला (गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात) पाठवायचं की दोन दिवस थांबायचं, हे मला ओसरीवर उभ्या-उभ्या ठरवावं लागतं.

कम्युनिटी पोस्टिंगला विद्यार्थी येतात ते थर्माकोलचे चार्ट घेऊन. शाळेत हात धुवायचं नाटुकलं, फोटो, परत बस. त्यांच्या मॅडमना मी म्हटलं, दोघींना माझ्याबरोबर माकडतापाच्या सर्व्हेला सोडा, दिवसभर चालायला लागेल. मॅडम म्हणाल्या, 'पालकांची संमती लागेल, जंगल आहे.' बरोबर आहे त्यांचं. पण ज्या दोघी नंतर संमती घेऊन आल्या, त्यांतली एक आज शेजारच्या उपकेंद्रात आहे.

जुनी_अधिसेविका

देवगडकरीण, बरोबर ओळखलंस. स्पंजिंग हे सर्वांत जाणत्या नर्सने करायचं काम, आमच्या सिस्टर ट्यूटर असंच सांगत. पुढे ते शिकाऊ मुलींकडे गेलं, मग मावशींकडे, मग नातेवाइकांकडे.

रातांबा, वळेसरने विचारलेलं टाळू नका. ट्यूटरनी वॉर्डात जायला हवं की नको? माझं मत, हवं. नुसतं क्लिनिकलला मुलींना सोडून ऑफिसात बसणं म्हणजे जाणं नव्हे. स्वतः पेशंट घ्यायचा.

रातांबा

टाळत नाहीये बाई, कॉपी तपासत होते.

हवं. वेल्लोरच्या सीएमसीत शिकवणाऱ्यांकडे वॉर्डाचीही जबाबदारी असते, तेव्हा हे अशक्य नाही. आमची अडचण वेगळी आहे. कॉलेज एका व्यवस्थापनाचं, हॉस्पिटल दुसऱ्याचं. मी तिथे पाहुणी. इन्चार्ज सिस्टरला वाटतं मी चुका काढायला आलेय. मला वाटतं ती माझ्या मुलींना हरकाम्या करतेय, डिस्पॅचला पाठवतेय. दोघींचंही थोडं थोडं खरं. तरी आठवड्यातून एक सकाळ मी एक पेशंट स्वतः घेते, असं इन्चार्जला विचारून ठरवलंय. पहिल्या दिवशी तिने मला सगळ्यात जड पेशंट दिला. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. मुली बघत होत्या. नव्या पद्धतीचा ड्रेसिंगचा पॅक मला फोडता येईना, तेव्हा फर्स्ट इयरच्या मुलीने दाखवला.

ब्रदर, तुमच्या प्रश्नावर. प्रोसेस रेकॉर्डिंग मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगपुरतंच का ठेवायचं, हे मलाही कळत नाही. पुढच्या बॅचला मेडिकल-सर्जिकलच्या फॉर्ममध्ये एक पान जोडतेय. रकाने चार: आज तुम्ही स्वतःहून काय पाहिलं. कोणाला सांगितलं, किती वाजता. त्यांनी काय केलं. आणि शेवटी इन्चार्जची सही. गुण दहा. गणवेशाचेही दहा तसेच ठेवलेत, अधिसेविका बाईंनी निश्चिंत असावं. अजून प्राचार्यांची परवानगी मिळायची आहे, त्यामुळे सूचना आताच करा.

ब्रदर_कुडाळ

पाचवा रकाना टाका: 'काही पाहिलं पण सांगितलं नाही, का?' याला गुण कापू नका, नाहीतर कोणी खरं लिहिणार नाही.

रातांबा

टाकला.

बंड्याचो_बापूस

ह्यो फॉर्म आमच्या चेडवाच्या कॉलेजाक पाठवूक गावात काय?

सुरंगीचा_वळेसर

मॅडम, इन्चार्जच्या सहीचा रकाना काढा. आमच्याकडे कोणी करणार नाही. सही केली म्हणजे मुलीने सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं, हे कागदावर येतं.

रातांबा

म्हणून तर ठेवलाय गं.